नाजूक झाडे आणि कडाक्याची थंडी : जमिनीतली ऊब कशी राखावी

संध्याकाळी आठवणीने चादर टाकली, खोडाशी सुतळीने घट्ट बांधली, तरी सकाळी पाने काळीठिक्कर. थंडीची लाट येऊन गेली की ही तक्रार हमखास ऐकू येते. चूक चादरीची नसते, बांधण्याची असते. चादरीत स्वतःची ऊब नसते. रात्री बागेत उबेचा साठा असतो तो जमिनीत. दिवसभर उन्हाने तापलेली माती रात्रभर ती ऊब वर सोडत राहते. चादर खोडाशी आवळली की ही ऊब बाहेरच्या बाहेर निघून जाते आणि आतले झाड एकटे पडते. माती दिवसा भरपूर तापावी आणि रात्री तिची ऊब झाडाभोवती अडून राहावी, एवढेच साधायचे असते. पुढची बहुतेक कामे त्यासाठीच आहेत.

थंडी कोणती आहे, ते आधी ओळखा

थंडीच्या घातक रात्री दोन तऱ्हेच्या असतात. पहिली रात्र शांत, निरभ्र आणि कोरडी. वारा पडलेला, आकाशात चांदण्या लख्ख. अशा रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकतात आणि ती परतवायला वर ढग नसतात. उघड्यावरचे पान भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंशांनी थंड होते. हवामान केंद्रातले तापमान जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत मोजलेले असते. म्हणून अंदाजात ३ किंवा ४ अंश लिहिलेले असतानाही गवतावर आणि खालच्या पानांवर दव गोठू शकते. पांघरुणाचा खरा उपयोग होतो तो अशा रात्री.

दुसरी रात्र वाऱ्याची. बाहेरून गार हवेचा मोठा लोंढा येतो, आकाश ढगाळ असले तरी पारा उतरत जातो आणि कधी दिवसाही वर चढत नाही. वारा पांघरुणाखालची ऊब ओढून नेतो. इथे नुसते कापड पुरत नाही. आडोसा, जाड गुंडाळणी आणि हलवता येण्याजोगे सारे घरात, हाच मार्ग.

अंदाज वाचताना किमान तापमानासोबत वारा, ढग आणि दवबिंदू तापमानही (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते ते) पाहा. दवबिंदू शून्याच्या बराच वर असेल तर रात्री आधी दव पडते, दव पडताना वाफेतली उष्णता मोकळी होते आणि पारा उतरण्याचा वेग मंदावतो. दवबिंदू शून्याच्या खाली, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला, असे तिन्ही जुळले तर अंदाजापेक्षा तीन अंश कमी धरून तयारी करा. किती तास, हेही पाहा. उणे १ अंश अर्धा तास सोसणारे झाड त्याच तापमानात सहा तास काढू शकत नाही.

कुठले झाड कितपत सोसते

गोठण्याआधीच इजा होणारी झाडे वेगळी आणि गोठल्यावर इजा होणारी वेगळी. क्रोटन, अँथुरियम, डिफेनबाकिया, तुळस, अॅडेनियम, केळ या उष्ण प्रदेशातल्या झाडांना पारा १० अंशांच्या खाली काही रात्री राहिला तरी त्रास होतो. बर्फाचा कण नसतानाही पानांवर तपकिरी डाग उमटतात, पाने गळतात. हे दोन-चार दिवसांनी दिसते, त्यामुळे कारण लक्षात येत नाही आणि लोक बुरशीनाशक मारत बसतात. पपई शून्याच्या जरा खाली गेली की कोसळते. आंब्याचे लहान रोप उणे १ ते उणे २ अंशांत दगावू शकते. मोठे झाड थोडा वेळ त्याहून खाली टिकते, पण मोहोर मात्र त्याच्या किती तरी आधी खराब होतो. लिंबूवर्गात कागदी लिंबू सगळ्यात नाजूक, संत्री त्याहून काटक आणि कुमक्वाट आणखी काटक. बोगनवेल आणि शेवगा वरून जळतात, पण मुळे शाबूत असतील तर खालून फुटतात. जास्वंद पहिल्या थंडीतच पाने टाकते आणि शून्याच्या खाली तिच्या फांद्याही मरतात.

गोठताना बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत होतो. तो पेशींतले पाणी बाहेर ओढतो, पेशी आक्रसतात आणि त्यांची आवरणे फाटतात. ऊन पडून बर्फ वितळला की ते पाणी पानात पसरते. म्हणूनच गोठलेले पान पहाटे कडक आणि हिरवे दिसते, आणि दहा वाजता वाफवल्यासारखे काळपट, लिबलिबीत होते.

दीड-दोन महिने आधी

थंडीला तोंड देण्याची तयारी झाडही करते. रात्री हळूहळू गार होत गेल्या की वाढ थांबते, पेशींत साखर साठते आणि कोवळ्या फांद्या जून होतात. ही तयारी आपणच मोडतो, ती उशिरा खत घालून आणि उशिरा छाटणी करून. कडक थंडीच्या सहा ते आठ आठवडे आधी नत्र (नायट्रोजन) बंद करा. युरिया, ताजे शेणखत, नत्रयुक्त द्रवखत, सगळेच आले. त्या काळात नत्राने फुटलेली पालवी पहिल्याच रात्री जळते, आणि तिच्यासाठी झाडाने खर्च केलेला साठाही गेलेला असतो. पालाशची (पोटॅशची) कमतरता असेल तर ते द्या, मात्र पालाशने झाड थंडीला अभेद्य होते असे समजू नका. छाटणीही थांबवा. वाळके, रोगट आणि मोडके तेवढे काढा. बाहेरच्या पानांचा घेर आतल्या फांद्यांवर छत्रीसारखे काम करतो.

याच सुमारास ज्या झाडांची काळजी वाटते त्यांची छाट कलमे करून ठेवा. जास्वंद, क्रोटन, कोलियस, पेलार्गोनियम यांच्या १० ते १५ सेंटीमीटरच्या फांद्या, खालची पाने काढून, ओलसर कोकोपीट आणि वाळूच्या मिश्रणात. घरात खिडकीशी ठेवलेली चार कलमे हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. बाहेरचे झाड गेलेच तर जात टिकते.

नवे झाड लावताना जागेचा विचार निम्मे काम करून टाकतो. गार हवा जड असते, पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगटात साचते. उताराच्या खालच्या टोकाला भरीव भिंत किंवा दाट कुंपण असेल तर त्याच्या वरच्या बाजूला गार हवेचे तळे होते. तिथे लिंबू लावू नका. कुंपण तुमचे असेल तर तळाशी वीत-दीड वीत मोकळी ठेवा, हवा निघून जाईल. विटांची किंवा दगडी भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब देते. उत्तर गोलार्धात दक्षिण किंवा नैऋत्येकडे तोंड असलेली भिंत उत्तम, दक्षिण गोलार्धात याच्या उलट. पूर्वेची जागा मोहक वाटते, पण गोठलेल्या पानांवर पहाटेचे ऊन थेट पडून ती भराभर वितळतात आणि नुकसान वाढते.

आणखी एक साधी कसोटी आहे. झाडाच्या जागी उभे राहून वर पाहा. जितके आकाश जास्त दिसेल तितकी त्या जागी रात्री उष्णता जास्त जाईल. वळचणीखाली किंवा सदाहरित मोठ्या झाडाच्या छायेत आकाश कमी दिसते, म्हणून शांत रात्री तिथली झाडे उघड्यावरच्या झाडांपेक्षा सुखरूप राहतात.

आपला तापमापक

किमान-कमाल तापमान नोंदवणारे दोन तापमापक घ्या. वापरण्याआधी त्यांची परीक्षा करा. पेल्यात बारीक कुटलेला बर्फ गच्च भरा, फटी भरतील एवढेच गार पाणी ओता, ढवळा, पाचेक मिनिटांनी तापमापकाचे टोक मध्यभागी धरा. टोक पेल्याच्या तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आकडा स्थिरावला की तो शून्य दाखवला पाहिजे. दीड अंश दाखवत असेल तर तापमापकावर पट्टी चिकटवून लिहून ठेवा : ‘दीड वजा करा’. डिजिटल यंत्राचे फक्त टोक पाण्यात जाईल असे पाहा. शून्याच्या आसपास सगळा खेळ एक-दोन अंशांचा असतो, त्यामुळे ही पाच मिनिटे वाया जात नाहीत.

एक तापमापक झाडाच्या पानांच्या उंचीवर उघड्यावर टांगा, दुसरा पांघरुणाखाली. पहिल्याच गार रात्रीनंतर दोन्हींतला फरक कळतो. तुमचे कापड, तुमची माती, तुमची जागा मिळून किती अंश वाचवतात, हे त्या फरकातच दिसते. तो तीन असेल आणि अंदाज उणे ५ चा असेल, तर लिंबासाठी आणखी काही करावे लागणार हे आधीच कळते.

थंडीच्या आधीचे दोन दिवस

माती ओली करा. कोरड्या भुसभुशीत मातीत हवा असते आणि हवेत ऊब ना साठते, ना खालून वर येते. ओली, घट्ट बसलेली माती दिवसा जास्त उष्णता घेते आणि रात्री ती पृष्ठभागापर्यंत आणते. थंडीच्या एक-दोन दिवस आधी सकाळी पाणी द्या, वरची २० ते ३० सेंटीमीटर माती ओली होईल इतके. चिखल नको, साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरतात. संध्याकाळी पाणी देऊन पाने भिजवू नका. शुद्ध पाणी शून्याच्या खाली काही अंशांपर्यंत न गोठता राहू शकते, पण पानांवरचे काही जिवाणू, विशेषतः स्यूडोमोनास सिरिंगी, बर्फाचा पहिला कण तयार व्हायला बीजासारखे काम करतात. कोरडे पान त्यामुळेच ओल्या पानाआधी सहसा गोठत नाही. निवडुंग, अॅडेनियम आणि इतर मांसल झाडांना यातले काहीच लागू नाही. त्यांना थंडीत कोरडे ठेवा. ओली माती आणि गारठा एकत्र आले की ती बुडापासून सडतात.

आच्छादनाबाबत मोठा गोंधळ असतो. पालापाचोळ्याचा जाड थर मुळांना उबदार ठेवतो हे खरे. पण तोच थर दिवसा उन्हाला मातीपर्यंत पोहोचू देत नाही आणि रात्री मातीची ऊब खालीच दाबून ठेवतो. म्हणजे मुळे सुखात आणि वरची पाने उघडी. ठरवायचे एवढेच, की वाचवायचे काय. लिंबू, जास्वंद, मोगरा यांच्या फांद्या वाचवायच्या असतील तर शांत रात्रीच्या दोन दिवस आधी झाडाखालचे आच्छादन बाजूला ओढा, तण काढा, माती उघडी आणि ओली ठेवा आणि मग वरून पांघरूण घाला. केळ, कर्दळ, आले यांचा वरचा भाग जाणारच असेल आणि कंद वाचवायचा असेल, तर आच्छादन उलट वाढवा.

पांघरूण

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायचे. चांगले पांघरूण जमिनीपर्यंत पोहोचते, पानांना टेकत नाही, कडेने बंद असते आणि वेळेवर घातलेले असते. या चारपैकी एकही चुकले तर बाकीच्या मेहनतीचा फारसा उपयोग होत नाही.

कापड कोणते? नॉन-वोव्हन क्रॉप कव्हर, म्हणजे पिकांवर घालायचे न विणलेले कापड, सर्वात सोयीचे. ते हलके असते, पाणी आणि थोडी हवा जाऊ देते. चौरस मीटरला १७ ते २० ग्रॅमचे पातळ कापड एक-दोन अंश वाचवते, ५० ग्रॅम किंवा त्याहून जाड कापड शांत रात्री साधारण तीन-चार. जाड कापडातून उजेड कमी जातो, ते दिवसा काढावेच लागते. जुन्या सुती चादरी, गोधड्या, गोणपाटही चालतात. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा बरे, कारण त्यांच्या मधे हवा अडते. भिजले की सुती कापड जड होते, गोठते आणि उष्णता धरत नाही. पावसाची किंवा बर्फाची शक्यता असेल तर वरून प्लॅस्टिक टाका, पण प्लॅस्टिक आणि पान यांचा स्पर्श कुठेही होऊ देऊ नका. जिथे प्लॅस्टिक टेकते तिथे पान हमखास जळते.

एक मीटर उंच आणि ८० सेंटीमीटर रुंद लिंबाचे झाड समोर ठेवू. दीड मीटरचे चार बांबू घ्या आणि झाडाभोवती १.१ मीटरच्या चौकोनात ३५ सेंटीमीटर खोल रोवा, म्हणजे पानांपासून सगळीकडे १५ सेंटीमीटर अंतर राहील. वर उरतात १ मीटर १५ सेंटीमीटर. वरची टोके आडव्या काठ्यांनी जोडा आणि टोकांवर जुन्या कापडाची गुंडाळी बांधा, नाहीतर वारा सुटला की कापड तिथेच फाटते. आता कापड : एका बाजूने वर १.१५ मीटर, माथ्यावर १.१, दुसऱ्या बाजूने खाली १.१५ आणि जमिनीवर दोन्हीकडे ३० सेंटीमीटर पसरायला. बेरीज ४ मीटर, म्हणजे ४ बाय ४ मीटरचा तुकडा लागतो. पन्हा कमी असेल तर दोन पट्टे हातभर एकमेकांवर चढवून टाचा. घाईत बहुतेक जण दोन-अडीच मीटरचे कापड आणतात आणि मग ते गुडघ्यापर्यंतच येते. उघड्या राहिलेल्या खालच्या फटीतून ऊब वाहून जाते.

कडांवर विटा, माती किंवा पाण्याच्या बाटल्या ठेवा. कुठे फट आहे का ते हाताने चाचपून पाहा. तंबूचा तळ जितका रुंद, तितकी जास्त जमीन आत येते आणि तितकी जास्त ऊब मिळते, त्यामुळे काटकसर करायची तर उंचीत करा, तळाशी नको.

वेळ म्हणजे सूर्यास्ताच्या थोडे आधी, माती गरम असतानाच. रात्री दहाला, पारा उतरल्यावर घातलेले पांघरूण गार हवाच आत कोंडते.

आणखी ऊब लागली तर

पाण्याने भरलेले कॅन हा साधा आणि बिनधोक उपाय. २० लिटरचा कॅन दिवसभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी पांघरुणाखाली खोडाजवळ सरकवा. १५ अंशांचे २० लिटर पाणी शून्यापर्यंत येताना साधारण १२५० किलोज्यूल उष्णता सोडते. दहा तासांच्या रात्रीत हे ३५ वॅटचा बल्ब सतत जळण्याइतके झाले. शिवाय शून्यावर पोहोचून ते गोठायला लागले तर प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी आणखी मिळतात, म्हणजे खरा मोठा साठा गोठण्यात असतो. कॅन काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते.

विजेचा बल्ब वापरायचा तर जुन्या तारेचा, ४० ते ६० वॅटचा. एलईडी दिव्यातून या कामाला पुरेल एवढी उष्णता मिळत नाही. बल्ब तळाशी, खोड आणि कापड दोन्हींपासून किमान ३० सेंटीमीटर दूर, तारेच्या पिंजऱ्यात आणि पक्का बसवलेला हवा. वायर आणि जोड बाहेर वापरण्यासाठीच बनवलेले हवेत, आणि वाटेत गळती झाल्यास प्रवाह तोडणारे यंत्र हवे. यातले काही नसेल तर पाण्याचे कॅनच बरे. पांघरुणाखाली मेणबत्ती, दिवा, कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. कापड क्षणात पेटते.

कुंड्या

जमिनीतल्या मुळांना सगळीकडून माती असते, कुंडीतल्या मुळांना बोटभर भिंत. मुळे फांद्यांपेक्षा थंडीला कमी सोसतात, हे फारसे कुणी लक्षात घेत नाही. त्यामुळे जमिनीत सहज टिकणारे झाड कुंडीत मरते, आणि तेही दोन महिन्यांनी कळते, जेव्हा पालवी फुटतच नाही.

कुंड्या भिंतीलगत, वळचणीखाली एकमेकींना चिकटवून ठेवा, मोठ्या बाहेर आणि लहान व नाजूक मधे. मधल्या फटी वाळल्या पानांनी भरा. सगळ्या गटाभोवती गोणपाट किंवा बुडबुड्यांचे प्लॅस्टिक गुंडाळा, पण तळाची भोके झाकू नका. मोकळी माती असेल तर कुंडी काठापर्यंत जमिनीत पुरणे सर्वोत्तम. एक कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधे ५ ते ८ सेंटीमीटर कोरडा पाला दाबला तरी बराच फरक पडतो. कठड्यावर टांगलेल्या कुंड्यांना चारी बाजूंनी गार हवा लागते, त्या सर्वांत आधी खाली उतरवा. मातीच्या कुंड्या ओल्या असताना गोठल्या तर तडकतात. थंडीत त्या विटेच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, म्हणजे पाणी निथळेल.

घरात न्यायची झाडे रात्रीचा पारा १० ते १२ अंशांवर आला की न्या, शून्याची वाट पाहू नका. आठवडाभर आधी सावलीत ठेवा. पानांच्या मागे पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि लाल कोळी शोधा. घरातल्या कोरड्या हवेत कोळी पंधरा दिवसांत सगळीकडे पसरतो. खिडकीच्या काचेला पाने टेकू देऊ नका आणि हीटरच्या झोतात ठेवू नका. पाणी निम्म्याहून कमी. काही पाने गळतील, त्याने घाबरून पाणी वाढवणे हीच मोठी चूक.

कलमे, केळ आणि कंद

कलमी झाडाचा जीव जोडात, म्हणजे कलम जिथे खालच्या झाडाला बांधले तिथे, असतो. जोडाच्या वरचा भाग मेला तर उरतो तो खुंट, म्हणजे खालचे मूळ झाड, आणि त्याला फळे खुंटाचीच येतात. लहान कलमाच्या खोडाभोवती स्वच्छ मातीची भर घाला, जोडाच्या वर १५ ते २० सेंटीमीटर जाईल इतकी. वरच्या फांद्या गेल्या तरी जोडाच्या वरून पुन्हा फुटायला जिवंत डोळे शिल्लक राहतात. थंडी ओसरली की ही भर लगेच काढायची. ओली माती सालीला लागून राहिली तर लिंबूवर्गात बुडकूज होते.

केळीची पाने कापून टाका, बुंध्याभोवती जाळीचा पिंजरा करून तो कोरड्या गवताने भरा आणि वर पाणी जाणार नाही असे झाकण घाला. गुंडाळणी भिजली तर बुंधा आतून कुजतो. पिंजरा जमत नसेल तर बुडाशी ३० सेंटीमीटर आच्छादन करून कंद वाचवा. डेलिया आणि कर्दळ यांची पाने पहिल्या गोठणाऱ्या रात्री काळी पडली की जमिनीपासून वीतभर ठेवून देठ कापा, कंद अलगद उकरा, सावलीत काही दिवस सुकवा आणि जेमतेम ओलसर वाळूत ५ ते १० अंशांच्या जागी ठेवा. महिन्याला एकदा पाहा. सुरकुतला असेल तर पाण्याचा हलका शिडकावा द्या. मऊ झाला असेल तर तेवढा भाग कापून फेका.

दोन उपाय जे घरच्या बागेत करू नयेत

रात्री पाण्याचे तुषार चालू ठेवण्याचा उपाय मोठ्या बागायतीत चालतो, म्हणून लोक नळी घेऊन उभे राहतात. गोठणारे पाणी ग्रॅममागे ८० कॅलरी देते हे खरे. पण बाष्प होणारे पाणी ग्रॅममागे जवळजवळ ६०० कॅलरी ओढून नेते. तुषार सतत, पुरेसे आणि बर्फ वितळेपर्यंत चालले तरच हिशेब फायद्यात राहतो. मधेच पंप बंद पडला, वारा सुटला किंवा पाणी कमी पडले, तर झाड कोरडे असते त्यापेक्षाही थंड होते. शिवाय बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडतात.

दुसरा उपाय धुराचा. धूर दाट दिसतो, पण त्याचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते फारशी अडवत नाहीत. फायदा होत असेल तर तो जाळाच्या उष्णतेचा, आणि घरच्या बागेत तेवढा जाळ करणे धोक्याचे. थंडीपासून बचावासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या फवाऱ्यांवरही भिस्त ठेवू नका. त्यांचा पानावर बसणारा मेणचट थर बाष्पीभवन कमी करतो, थंडी नाही.

सकाळ

सर्वांत थंड वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्योदयाच्या सुमाराची आणि त्यानंतरच्या काही मिनिटांची असते. ऊन दिसले म्हणून लगेच पांघरूण काढू नका. बाहेरचा पारा दोन-तीन अंशांवर जाऊ द्या, मग काढा. मात्र काढाच. उन्हात बंद प्लॅस्टिकखाली तासाभरात झाड भाजते, आणि माती उघडी पडली नाही तर तिला रात्रीसाठी ऊब साठवता येत नाही. दिवसभर पारा शून्याखालीच राहणार असेल तर कापड राहू द्या, प्लॅस्टिकची कड तेवढी उचला. रात्री पांघरूण निसटले आणि पाने गोठली असतील तर गरम पाणी ओतू नका, पाने चोळू नका. पूर्वेकडून आडोसा करा आणि त्यांना सावकाश वितळू द्या.

थंडी गेल्यावर

आता हात आवरायचा. काळ्या फांद्या कितीही वाईट दिसल्या तरी कात्री लावू नका. मेलेली पाने खालच्या जिवंत डोळ्यांना पुढच्या थंडीपासून आडोसा देतात, आणि आता केलेला काप झाडाला अवेळी फुटायला लावतो. अपवाद फक्त लिबलिबीत झालेल्या मांसल देठांचा. केळीची पाने, कर्दळ, बाल्सम यांचे कुजणारे भाग काढा, नाहीतर कूज खाली उतरते.

फांदी जिवंत आहे का हे नखाने कळते. टोकाकडून सुरुवात करा, साल अगदी हलकी खरवडा. आत हिरवे आणि ओलसर असेल तर जिवंत, तपकिरी आणि कोरडे असेल तर मेलेले. दर वीतभर खाली सरकत हिरवे लागेपर्यंत जा आणि तिथे रंगीत दोरा बांधा. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा. कित्येकदा हिरवी वाटलेली फांदी नंतर मरते आणि दोरा आणखी खाली न्यावा लागतो. नवी पालवी दोन-तीन इंच वाढून टिकली की मगच, जिवंत डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घ्या. लिंबूवर्गात तर पहिली पालवी येऊन काही वेळा परत वाळते, तिथे घाई अजिबात नको.

पाने गेलेल्या झाडाला पाणी कमी लागते. नेहमीच्या मापाने देत राहिलात तर थंडीतून वाचलेली मुळे सडतात. बोट खुपसून दोन इंच खाली माती कोरडी लागली तरच द्या. खत नवी पालवी स्थिरावल्यावर, तेही निम्म्या मात्रेने. पानांची सावली गेल्याने उघडी पडलेली खोडे उन्हाने भाजतात, त्यांना पातळ चुना किंवा पाण्यात विरघळणारा पांढरा रंग द्या. कलमी झाडाच्या जोडाखालून जोमदार धुमारे येत असतील तर ते खुंटाचे आहेत, कोवळे असतानाच खुडून टाका. बोगनवेल, जास्वंद, शेवगा आणि केळ यांना मेलेले ठरवण्याआधी उन्हाळा चांगला सुरू होऊ द्या. यांचे धुमारे कधी कधी इतक्या उशिरा, आणि थेट मुळापासून, येतात की तोवर अनेकांनी झाड उपटून टाकलेले असते.